क्लॅरिनेट आणि व्हायब्राटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे क्लॅरिनेट शिकायला येणारे तीन तऱ्हेचे. ग्रेडच्या परीक्षा देणारी मुलं, लग्नाच्या बँडात वाजवणारे, आणि निवृत्तीनंतर जुनी गाणी वाजवायची हौस घेऊन आलेले काका. तिघेही कधी ना कधी विचारतात, ‘सर, सूर असा हलवायचा कसा?’ या सूर हलवण्यालाच व्हायब्राटो म्हणतात, आणि तिघांना माझं उत्तर वेगवेगळं असतं. दर वेळी पहिल्यापासून सांगायचा कंटाळा आला, म्हणून इथे एकदाच लिहून ठेवतोय.

क्लॅरिनेटवर व्हायब्राटो करायचा असतो की नसतो?

करता येतो. जॅझमध्ये सर्रास करतात. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात बहुतेक क्लॅरिनेटवादक सूर सरळ ठेवतात, थोडे जण हलवतात, आणि त्या थोड्यांवरून बाकीच्यांचे वाद अजून संपलेले नाहीत. माझं विचाराल तर एखाद्या सुरावर ठरवून केलेला व्हायब्राटो मला फार आवडतो. न ठरवता सगळ्याच सुरांवर आपोआप येणारा मात्र पाच मिनिटांच्या वर ऐकवत नाही.

व्हायब्राटो म्हणजे आपलं आंदोलनच ना? की गमक?

दोन्ही नाही. हा घोटाळा आधी निस्तरू, कारण आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची निम्मी गडबड इथेच होते.

दरबारी कानड्यातला कोमल गंधार आठवा. तो संथपणे रिषभाकडे झुकतो, परत येतो, पुन्हा झुकतो. भैरवातला कोमल रिषभ आणि कोमल धैवतही असेच डोलतात. त्या डोलण्याला रागाची परवानगी लागते. दरबारीत शोभणारं आंदोलन भूपाच्या गंधारावर केलंत तर ऐकणारा कपाळाला हात लावेल. म्हणजे आंदोलन हा त्या स्वराचा स्वभाव आहे. गमक त्याहून जोरकस, शेजारच्या स्वराला धक्का देऊन येणारी.

व्हायब्राटोत शेजारचा स्वर येतच नाही. सूर आहे तोच राहतो, फक्त त्याची उंची किंचित खालीवर होते, कधी आवाजाचा जोर कमीजास्त होतो, कधी दोन्ही. गती साधारण सेकंदाला पाच-सहा हेलकाव्यांची. नीट जमला तर कानाला हेलकावे मोजता येत नाहीत, नुसता ‘सूर गरम झाला’ असं वाटतं. मोजता यायला लागले की समजायचं, फार संथ झाला किंवा फार रुंद.

आपल्या गायकीत लांबवलेला षड्ज हलला तर गुरुजी ‘सूर लाव’ म्हणून ओरडतात, आणि पाश्चात्त्य ऑपेरात तोच लांब सूर सपाट राहिला तर शिक्षक नाराज होतात. क्लॅरिनेटची गंमत अशी की विलायती वाद्य असूनही या बाबतीत त्याचा कल आपल्या गुरुजींकडे आहे.

बासरी करते, ओबो (सनईच्या जातीचं विलायती वाद्य) करतो, सॅक्सोफोन तर थांबतच नाही. मग क्लॅरिनेटनेच काय घोडं मारलंय?

कारणं दोन, एक वाद्याच्या पोटातलं आणि एक वाद्यवृंदातलं.

आधी पोटातलं. क्लॅरिनेटची नळी आतून बहुतांशी सरळ आणि माउथपीसच्या बाजूने बंद असल्यासारखी वागते. त्यामुळे मंद्र सप्तकात त्याच्या सुरात विषम स्वरांशांचाच (मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट अशा कंपनांचाच) जोर असतो. याचा रोजचा पुरावा तुमच्या डाव्या अंगठ्याखाली आहे. सॅक्सोफोनवर वरची की दाबली की सा चा तार सा होतो. क्लॅरिनेटवर रजिस्टर की दाबली की सा वरून तुम्ही थेट पुढच्या सप्तकातल्या प वर जाता. नवीन विद्यार्थी इथे हटकून दचकतो. म्हणजे या नळीचं वागणंच निराळं, बासरी-सॅक्सोफोनचे आडाखे इथे चालत नाहीत.

दुसरी गोष्ट, बासरीत जोरात फुंकलं की सूर चढतो. क्लॅरिनेटमध्ये जोरात फुंकलं की सूर थोडा उतरतो. आता श्वासाने व्हायब्राटो करायचा म्हटलं तर काय होईल बघा. बासरीत जोर आणि सूर बरोबरीने चढतात, बरोबरीने उतरतात, अगदी गळ्यासारखे. क्लॅरिनेटमध्ये जोर वाढला की सूर खाली जातो, जोर कमी झाला की वर येतो. दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना. मला वाटतं, बासरीवाल्याचा पोटातला व्हायब्राटो जसाच्या तसा क्लॅरिनेटवर आणला की तो ओढूनताणून केल्यासारखा का ऐकू येतो, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

आता वाद्यवृंदातलं कारण. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत बासरी, मग ओबो, मग बासून (खर्जातलं लांब वाद्य) अशी एकेक लाकडी सुषिर वाद्यं हलायला लागली. क्लॅरिनेट आणि हॉर्न बहुतेक ठिकाणी सरळच राहिले. चार वाद्यं मिळून एक स्वरसंघात धरतात तेव्हा त्यातलं एखादं स्थिर असेल तर बाकीच्यांना टेकायला भिंत मिळते. क्लॅरिनेट ती भिंत झालं. जर्मनी आणि ऑस्ट्रियात हा शिरस्ता सर्वात कडक आहे.

म्हणजे शास्त्रीय संगीतात कुणी केलाच नाही?

केला की! आणि करणारे लहानसहान नव्हते.

रेजिनल्ड केल (१९०६–१९८१) हे पहिलं नाव. वाद्यवृंदसंचालक सर टॉमस बीचम यांनी १९३२ साली लंडन फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद उभा केला तेव्हा केल तिथे मुख्य क्लॅरिनेटवादक होता आणि जवळच ओबोवर लेऑन गूसन्स. गूसन्सचा ओबो गळ्यातून आल्यासारखा गायचा. त्याचा परिणाम केलवर झाला, आणि क्लॅरिनेट असं का गाऊ नये म्हणून त्याने सरळ व्हायब्राटो वापरायला सुरुवात केली. काही लोक हरखले, काही चिडले. इंग्लंडमध्ये पुढे जॅक ब्रायमरनेही व्हायब्राटो ठेवला, पण पुष्कळ आवरता. अमेरिकेत रिचर्ड स्टोल्ट्झमन आजही त्याबद्दल ओळखला जातो. त्याच्या बाबतीत मधलं मत नसतं. माझ्या ओळखीचे निम्मे वादक त्याच्यावर फिदा आहेत आणि निम्मे रेडिओ बंद करतात.

सगळ्यात मजेशीर नाव मात्र रिशार्ट म्यूलफेल्ट (१८५६–१९०७) याचं. जर्मन संगीतकार ब्राम्सने संगीतलेखन थांबवायचं जवळजवळ ठरवलं होतं, तेवढ्यात जर्मनीतल्या माइनिंगनच्या दरबारी वाद्यवृंदात त्याने म्यूलफेल्टचं क्लॅरिनेट ऐकलं आणि पुन्हा लेखणी उचलली. १८९१ मध्ये ट्रायो (तीन वाद्यांसाठी) आणि क्विंटेट (पाच वाद्यांसाठी), १८९४ मध्ये क्लॅरिनेट आणि पियानोसाठी दोन सोनाटा. हा म्यूलफेल्ट मुळात व्हायोलिनवादक. त्या वाद्यवृंदात तो व्हायोलिन घेऊनच शिरला आणि क्लॅरिनेट बरंचसं स्वतःचं स्वतः शिकला. तो भरपूर व्हायब्राटो करायचा, अशी आठवण तोंडोतोंडी पुढे आली आहे. तिला ध्वनिमुद्रणाचा आधार नाही, त्यामुळे शपथ घ्यायचं कारण नाही. पण ब्राम्सचा क्विंटेट सरळ वाजवणं हीच परंपरा, असं कुणी छातीठोकपणे सांगायला लागला की म्यूलफेल्टचं व्हायोलिन त्याला जरूर आठवून द्यावं.

जॅझमध्ये किती आणि कसा?

ते वादकागणिक बदलतं. न्यू ऑर्लीन्सच्या सिडनी बेशेचा व्हायब्राटो रुंद आणि जलद, सूर लागल्या क्षणापासून सुरू. तो सोप्रानो सॅक्सोफोनकडे वळल्यावर आणखी रुंद झाला. बेनी गुडमनची चाल निराळी. तो बऱ्याचदा सूर आधी सरळ धरतो आणि शेवटी शेवटी हलवतो. सुराचं शेपूट तेवढं हलतं म्हणा. शिकायला हाच नमुना चांगला, कारण सरळ सूर आणि हलता सूर एकाच श्वासात शेजारीशेजारी ऐकू येतात.

ग्लेन मिलरच्या बँडाचा तो ओळखीचा मऊ आवाज आठवतो? त्यात वर क्लॅरिनेट मुख्य धून वाजवतं, खालच्या सप्तकात टेनर सॅक्सोफोन तीच धून धरतो, आणि मध्ये इतर सॅक्सोफोन. तिथे एकट्याने मनाला येईल तसं हलून चालत नाही, सगळ्यांचा हेलकावा जवळपास एकाच गतीने यावा लागतो. इंग्लंडच्या अ‍ॅकर बिल्कची ‘स्ट्रेंजर ऑन द शोअर’ ही धून १९६२ मध्ये अमेरिकेतल्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. तीत मंद्रातला दमदार, जाडसर व्हायब्राटो आहे. काका मंडळी माझ्याकडे येतात ती बहुधा हाच आवाज डोक्यात घेऊन.

नक्की हलवायचं काय? पोट, घसा की जबडा?

जबडा. फार थोडा.

घसा वापरायचा नाही. घशातून केलेला व्हायब्राटो बकरीच्या बें-बेंसारखा निघतो आणि एकदा लागलेली ती सवय सुटता सुटत नाही. पोटाचा, म्हणजे श्वासाच्या दाबाचा, व्हायब्राटो काही वादक मंद लयीत छान करतात, पण तो सुरुवातीचा धडा नव्हे.

जबड्याचं काम असं चालतं. क्लॅरिनेटमध्ये ओठांची पकड आधीच बरीच घट्ट असते, त्यामुळे आणखी दाबून सूर फारसा चढत नाही. सैल सोडला तर मात्र चांगलाच उतरतो. म्हणून हेलकावा सुरापासून खाली जातो आणि सुरावर परत येतो. वर चढवायला गेलात तर रीड (माउथपीसला लावलेली, कंप पावणारी पातळ पट्टी) चिमटली जाईल आणि आवाज मधेच बंद पडेल.

करून बघा. क्लॅरिनेट बाजूला ठेवा. आरशासमोर बसा, तर्जनी हनुवटीवर टेकवा आणि हळू ‘या-या-या-या’ म्हणा. बोटाला जाणवणारी ती हालचालच पुरेशी आहे. खरं तर तीही जास्तच आहे. आता वाद्य घ्या, मधला, आरामात लागणारा एखादा सूर धरा, आणि हवा अजिबात न थांबवता जबड्याने तेच ‘या-या’ करा. जीभ रीडला लावायची नाही. ओठांचे कोपरे जागचे हलता कामा नयेत. हलले की हवा कडेने सुटते आणि पाण्यात बुडबुडे यावेत तसा आवाज येतो.

सराव कसा करायचा?

मेट्रोनोम ६० वर लावा. एका ठोक्याला दोन हेलकावे, मग तीन, मग चार. सुरुवातीला हे वाद्याच्या आवाजापेक्षा दाराच्या कडीच्या करकरीसारखं ऐकू येईल. घरच्यांना आधी कल्पना देऊन ठेवा. चार जमले की गती वाढवा. ७२ वर चार म्हणजे सेकंदाला ४.८, ८० वर चार म्हणजे ५.३. इथे कुठेतरी हेलकावे सुटे ऐकू येणं बंद होतं आणि व्हायब्राटो सुरू होतो. त्यानंतर मेट्रोनोम बंद.

दुसरा धडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एक सूर आठ मात्रा धरायचा. पहिल्या चार सरळ, पुढच्या दोन हलत्या, शेवटच्या दोन पुन्हा सरळ. सुरू करणं सगळ्यांना जमतं. थांबवता येत नाही! ज्याला थांबवता येतो त्याचाच व्हायब्राटो त्याच्या ताब्यात आहे असं मी धरतो.

मोबाइलवरचा ट्यूनर समोर ठेवा. काटा दहा-पंधरा सेंटच्या (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) पलीकडे उतरत असेल तर हालचाल कमी करा. रोज दहा मिनिटं पुरेत. ओठ दुखायला लागले की बंद.

मी मुद्दाम काही करत नाही, तरी माझा सूर थरथरतो. हा नैसर्गिक व्हायब्राटो म्हणायचा का?

नाही हो. तो अशक्तपणा आहे.

लहानपणी मी वरातीच्या बँडात मागच्या रांगेत वाजवायचो. तिथले थोरले वादक सांगायचे, ‘सूर हलव रे, रडव त्याला.’ मी हलवत गेलो. चौकात, ताशाच्या गदारोळात ते खपूनही गेलं. पुढे पाश्चात्त्य पद्धतीने शिकायला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी सरांनी एक लांब सूर वाजवायला लावला, पूर्ण ऐकून घेतला आणि विचारलं, ‘थंडी वाजतेय का?’ तो मे महिना होता.

त्यांनी केलेली तपासणी मी आजही करतो. वहीच्या पानाचा चतकोर तुकडा घ्या, भिंतीला लावा, वीतभर अंतरावरून फुंकर मारा आणि हात काढा. केवळ फुंकरीच्या जोरावर कागद भिंतीला चिकटून राहिला पाहिजे. कागद फडफडला किंवा घसरला तर हवाच एकसारखी नाही: छातीपुरता वरवरचा श्वास, पोटाचा आधार नाही. कागद ठाम राहतो पण सूर थरथरतो, तर ओठांकडे बघा. बहुतेकदा रीड झेपण्यापेक्षा जाड असते किंवा गाल फुगलेले असतात. माझा कागद त्या दिवशी दोन सेकंदांत खाली आला. पुढचे सात महिने मी सरळ सुरांशिवाय काही वाजवलं नाही, आणि त्याबद्दल तेव्हा सरांना मनातल्या मनात पुष्कळ शिव्या घातल्या.

मग व्हायब्राटो शिकायला सुरुवात केव्हा करावी?

खालच्या, मधल्या आणि वरच्या अशा तिन्ही पट्ट्यांमध्ये बारा सेकंद सरळ, न डगमगणारा सूर धरता येईल तेव्हा. किती महिने लागतील ते ज्याचं त्याने बघावं.

रीड आणि माउथपीसचा फरक पडतो का?

पडतो. हलकी रीड, दोन किंवा अडीच नंबरची, जबड्याचं लवकर ऐकते. साडेतीनच्या पुढची हट्टी असते. जॅझवाले रुंद उघड्या टोकाचे माउथपीस घेतात त्यामागे हेही एक कारण आहे. पण व्हायब्राटोसाठी म्हणून लगेच खरेदीला निघू नका. आहे त्या सामानावर जमलं नाही तर नवीन सामानावरही जमत नाही.

सगळ्या सुरांवर सारखाच जमतो का?

नाही. मंद्रात, म्हणजे शालुमो पट्टीत, सूर जाड असतो. तिथे हेलकावा संथ आणि सावकाश बरा दिसतो. मधल्या क्लॅरिअन पट्टीत सर्वात सहज येतो. वर आल्टिसिमोत जबडा जरा सैल पडला तरी सूर धाडकन खाली येतो, तिथे जवळजवळ विसरूनच जा. मंद्र आणि मध्याच्या सांध्यावरचे थ्रोट टोन तर आधीच विरळ आणि बेसूर व्हायला टपलेले, त्यांना हलवणं म्हणजे आजाऱ्याला नाचवणं.

परीक्षेत मोझार्टला व्हायब्राटो केला तर चालेल?

करू नका. मोझार्टचा १७९१ चा कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंदाची रचना) घ्या. त्याच्या मधल्या संथ भागात एवढी निरागस धून आहे की हलवली की तिचा चेहरा बदलतो. ब्राम्सला एखाद्या ठिकाणी थोडा करायचा असेल तर का केला हे शिक्षकांना सांगता आलं पाहिजे. जॅझची रचना निवडली असेल तर मात्र न केल्यास कोरडं वाटेल. आणि कोपलँडचा कॉन्चेर्टो किंवा पूलँकचा सोनाटा वाजवत असाल तर एवढं लक्षात असू द्या, पहिला बेनी गुडमनसाठीच लिहिला गेला आणि दुसरा १९६३ मध्ये पहिल्यांदा त्यानेच वाजवला, पियानोवर लेनर्ड बर्नस्टाइन. थोडी मोकळीक तिथे आपोआप मिळते.

आणि आपली गाणी? नाट्यगीत, भावगीत, रागदारी?

रागदारीत व्हायब्राटो नको. तिथे आंदोलन आणि मींड शिका. बोट छिद्रावरून हळूहळू सरकवत, ओठ सैल करत एका स्वरावरून दुसऱ्यावर जायचं, ते अवघड काम आहे आणि व्हायब्राटोने ते झाकता येत नाही. कर्नाटक संगीतात ए. के. सी. नटराजन यांनी क्लॅरिनेटवर गमकांचं जे काम केलं आहे ते ऐका. सूर सतत फिरतोय, पण कुठेही उगाच थरथरत नाही.

भावगीत आणि जुन्या चित्रपटगीतांत मूळ गायकाचा गळा ऐकायचा. ओळीच्या शेवटी त्याने सूर थोडा सोडला असेल तर तिथे आपणही थोडा. एका काकांनी मला एक अख्खं भावगीत पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत हलवत वाजवून दाखवलं. मी म्हटलं, ‘आता प्रत्येक ओळीत फक्त एकाच सुराला परवानगी. कुठला ते तुम्ही ठरवा.’ पेन्सिल घेऊन पाऊण तास बसले होते. चहा गार झाला.

दोन क्लॅरिनेट एकत्र वाजत असतील तर?

दोघांनी सरळ. एक हलतो आणि एक नाही, तर ऐकणाऱ्याला दोघेही बेसूर वाटतात, आणि ओरडा हमखास सरळ वाजवणाऱ्याला बसतो.

कान तयार व्हायला काय ऐकू?

बेनी गुडमनने १९३८ साली बुडापेस्ट क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या चमूबरोबर मोझार्टचा क्विंटेट ध्वनिमुद्रित केला. तो ऐका आणि लगेच त्याच काळातलं त्याचं जॅझ लावा. माणूस एक, वाद्य एक, सूर दोन. मग रेजिनल्ड केलने १९३७ मध्ये बुश क्वार्टेटबरोबर केलेला ब्राम्सचा क्विंटेट. योगायोग बघा, १९४९ मध्ये हाच गुडमन, जगभर नाव झालेलं असताना, केलकडे शिकायला गेला आणि ओठांची पकडसुद्धा बदलून घेतली. केल ऐकताना हातात रचनेची स्वरलिपी ठेवा आणि सूर हलला की तिथे पेन्सिलने खूण करा. दुसऱ्यांदा ऐकताना न खूण केलेल्या जागा बघा.